मखरातली घोरपड

मनोहरराव सबनीस कुठलीही गोष्ट पुढून बघत. पुढून चांगली दिसली की त्यांच्या लेखी ती चांगली झाली, आणि मागे जाऊन डोकावणारा माणूस कुजकट. त्यांची बायको शैला गेली सत्तावीस वर्षं त्यांच्या प्रत्येक गोष्टीच्या मागे उभी होती. त्यामुळे ती कुजकट ठरून जमाना लोटला होता, आणि आता तिला त्याचं काही वाटतही नसे.

शिकागोपासून गाडीने तासाभरावर, नेपरविलमध्ये त्यांचं घर होतं. पुढे गुळगुळीत लॉन, गुलाबाचे दोन ताटवे, दारावर पितळेची पाटी. मागच्या डेकची एक फळी सहा वर्षांपूर्वी कुजली होती. तिच्यावर कुंडी ठेवून तो प्रश्न सोडवलेला होता. मनोहरराव एका पॅकेजिंग कंपनीत इंजिनिअर होते. टीव्ही, मायक्रोवेव्ह असल्या वस्तूंच्या खोक्यात कोपऱ्यांना थर्माकोलचे जे पांढरे ठोकळे बसवतात, त्यांचा आकार ठरवणं हे त्यांचं काम. काम काही वाईट नव्हतं. पण मनोहरराव ते तसं सांगत नसत. "आय ॲम इन शॉक ॲब्सॉर्प्शन," असं ते गंभीर चेहऱ्याने सांगत, आणि ऐकणारा विषय बदलत असे.

मंडळात त्यांना ओळखत ते मात्र मखरवाले मनोहरराव म्हणून. मंडळाचा गणपती एका शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये बसायचा. शनिवारी सकाळी दहाला यायचा आणि रविवारी संध्याकाळी पाचला शाळेचा रखवालदार किल्ल्या खुळखुळवायला लागला की जायचा. एवढ्या एकतीस तासांसाठी मनोहरराव तीन महिने गराजमध्ये बसून थर्माकोल कापत. तापलेल्या तारेने कमानी काढायच्या, रंग मारायचा, सोनेरी भुकटी उडवायची. शनिवारवाडा झाला, रायगड झाला, हिमालय झाला. पुढून बघणारे तोंडात बोटं घालत. मागे झाडूचे दांडे, डक्ट टेप आणि शैला. हिमालयाच्या वर्षी ऐन आरतीत शिखर पुढे झुकायला लागलं, तेव्हा पहिल्या आरतीपासून मंत्रपुष्पापर्यंत दोन्ही हातांनी हिमालय धरून ठेवणारी शैलाच होती. सत्काराचा हार मनोहररावांच्या गळ्यात पडला. त्या दिवसापासून शैला एका गोष्टीची वाट बघत होती. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत यांचं मखर पडावं आणि आपण हात बांधून नुसतं बघत राहावं.

प्रीता ही त्यांची एकुलती एक मुलगी. इथेच जन्मली, इथेच वाढली, आणि फार्मसीची दोन वर्षं झाल्यावर एक दिवस ते सगळं सोडून प्राण्यांच्या दवाखान्यात टेक्निशियन झाली. मनोहररावांनी मंडळात सांगितलं, "शी इज इन ॲनिमल सायन्सेस." घरात तिला तोंडावर "कुत्र्यांची आया" म्हणाले. प्रीता त्याच आठवड्यात सामान उचलून एका भाड्याच्या खोलीत राहायला गेली. त्याला आता दोन वर्षं झाली होती. दिवाळीला यायची, वाढदिवसाला केक घेऊन यायची, बापाशी थंडी किती पडली आणि बर्फ किती पडलं एवढंच बोलायची, आणि तासाभरात गाडीची किल्ली हातात घ्यायची. शैलाला त्या घरात दुसरं काही नको होतं. पोरगी पूर्वीसारखी येती-जाती व्हावी, एवढंच हवं होतं. त्यासाठी ती काय वाटेल ते करायला तयार आहे, असं ती स्वतःला नेहमी सांगत असे.

म्हणून २००६च्या सप्टेंबरात प्रीताचा फोन आला आणि "आई, बाबांना दे, आय नीड हिज हेल्प," असं ती म्हणाली, तेव्हा शैलाने रिसीव्हर ओढणीला पुसून नवऱ्याच्या हातात दिला.

मदत हवी होती ती वॉल्टरसाठी. वॉल्टर म्हणजे चार फुटांची आफ्रिकेतली घोरपड. इकडे त्या जातीला सव्हाना मॉनिटर म्हणतात. कुठल्याशा कॉलेजच्या मुलाने पेट शॉपमध्ये वीतभर पिल्लू बघितलं, गोड दिसतंय म्हणून उचललं, मासे ठेवायच्या काचेच्या पेटीत टाकलं, हॉट डॉग घालून घालून फुगवलं, आणि पदवी मिळाल्यावर दवाखान्याच्या काउंटरवर आणून ठेवलं. म्हणाला, झोपवून टाका. आमचं प्राण्यांवर फार प्रेम आहे असं सांगणाऱ्यांपैकीच हाही एक. प्रीताने डॉक्टरांकडून मुदत मागून घेतली. ऑक्टोबरअखेर राहायची सोय झाली तर ठीक, नाहीतर इंजेक्शन. प्राणिसंग्रहालयं असल्या घोरपडी घेत नाहीत, त्यांच्याकडे असले फोन रोज येतात. प्रीताच्या खोलीत मांजर ठेवायलासुद्धा परवानगी नव्हती. नेपरविलच्या घराला मात्र अख्खं तळघर होतं, आणि बाप हाताने वस्तू बनवणारा होता.

प्रीता तीन पानं टाइप करून घेऊन आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसली.

"आठ फूट लांब, चार रुंद, सहा उंच," ती म्हणाली. "आत दोन फूट माती. ही डिग्ज, बाबा. दिवसभर खणतो तो. माती नसली तर जे असेल ते खणतो."

"दोन फूट माती म्हणजे अडीच टन होईल." हिशेब मनोहररावांना चटकन येत असे. "तळघरात भुईमूग लावायचाय का?"

"एका टोकाला दिव्याखाली एकशेतीस डिग्री फॅरनहाइट, दुसऱ्या टोकाला ऐंशी. जाड प्लायवूड, आतून वॉटरप्रूफ कोट. पुढे काचेसारखं पॉलिकार्बोनेट आणि कुलूप. आणि आत असं काही नको जे त्याला फाडता येईल. एनिथिंग ही कॅन टेअर, ही विल."

मनोहररावांनी एव्हाना तिचा कागद उलटा करून त्यावर कमान काढायला घेतली होती. "डिझाइन माझ्यावर सोड," ते म्हणाले. "पण मला सांग, हीच घोरपड का? ठेवायचीच तर जरा बघण्यासारखी ठेवू."

त्यावर प्रीता चिडेल असं शैलाला वाटलं होतं. पण पोरगी शहाणी. बापाला निदान या जनावरांचा आवाका तरी कळेल म्हणून ती पुढच्या रविवारी दोघांना सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मेळ्याला घेऊन गेली. मोठा हॉल, ओळीने टेबलं, टेबलांवर श्रीखंडाचे असावेत तसे डबे आणि प्रत्येक डब्यात कोणीतरी वेटोळं करून बसलेलं. शैलाने दारात नाकाला लावलेला रुमाल परत गाडीत बसेपर्यंत काढला नाही. अंगभर गोंदवलेले दाढीवाले बाप्ये गळ्यात अजगर घालून पॉपकॉर्न खात हिंडत होते. यांच्या आया यांना काही बोलत नाहीत का, असा प्रश्न तिला पडला.

मनोहरराव एका टेबलापाशी थबकले. काळीभोर, अंगावर पिवळ्या ठिपक्यांच्या रांगा, हातभर लांब अशी एक घोरपड काचेवर नखं घासत होती.

"ही! ही बघ. पैठणी आहे नुसती."

"ती नाईल मॉनिटर आहे, बाबा. सहा-सात फूट वाढते आणि आयुष्यभर चावते. लोक रंग बघून घेतात आणि वर्षाने आम्हाला फोन करतात." प्रीता खाली वाकली. "बघायचं तर हे बघायचं. शेपटीच्या बुडाशी हाडं दिसतायत. डोळे खोल गेलेत. आणि काखेत बघ, टिक्स. म्हणजे ही जंगलातून धरून आणलीय. इथे जन्मलेली आहे का विचारायचं आणि उत्तर देताना तो माणूस कुठे बघतो ते बघायचं. आणि पिंजरा आधी, जनावर नंतर. नेव्हर द अदर वे."

शैला रुमालाआडून बघत राहिली. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात ती स्वतः वांगी घेते ती अशीच, उलटी करून, देठाखाली कीड बघून. पोरीने हे आपल्याकडून उचललंय असं वाटून तिला फार बरं वाटलं. मनोहरराव तोवर विकणाऱ्याला "हॅव यू गॉट वन विथ मोअर यलो?" असं विचारत होते.

"बाबा," प्रीता त्यांचा दंड धरून म्हणाली, "वी आर नॉट चूझिंग. वॉल्टर ऑलरेडी आहे."

दवाखान्याला पिंजरा रिकामा हवा होता, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वॉल्टर पाहुण्यांच्या बाथरूममध्ये, टबात येऊन राहिला. मातकट रंग, टेकलेलं पोट, पुढच्या पायाचं एक बोट आणि शेपटीचं टोक गेलेलं. "सेकंड हँड माल," मनोहरराव म्हणाले आणि परत त्या बाथरूममध्ये फिरकले नाहीत. म्हणजे करायचं कोणी? शैलाने. गोठवलेले उंदीर गराजमधल्या फ्रीझरमध्ये ठेवले, तेही उकडीच्या मोदकांपासून दोन कप्पे लांब. चिमट्याने किडे भरवायचे, टब धुवायचा, दिवा लावायचा. पहिले तीन दिवस ती डोळे मिटून हे सगळं करत होती. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ती बोलायला लागली की वॉल्टर ओल्या टॉवेलावर हनुवटी टेकून स्वस्थ पडतो. मग तिने त्याला हिमालयाची हकिगत सांगितली. मग रायगडाची. सत्तावीस वर्षांत कोणीतरी मधे न बोलता तिचं ऐकून घेत होतं.

पण त्याची नखंही तिने बघितली. टबातली रबरी चटई त्याने दोन दिवसांत चिंध्या करून टाकली. पडदा ओढून फाडला. एकदा टबातून बाहेर पडला, तर बाथरूमच्या दाराचा खालचा कोपरा त्याने कुरतडून बशीएवढं भोक पाडलं. तिकडून कोणी अडवेपर्यंत तो थांबायचा नाही. रागाने नव्हे, कामाला लागलेल्या माणसासारखा शांतपणे.

इकडे तळघरात मनोहररावांचं काम सुरू झालं होतं. प्लायवूडचा सांगाडा त्यांनी बरा केला, हे कबूल करायला हवं. पण नुसतं प्लायवूड म्हणजे खोकं, आणि खोक्यात भरायचं काय हे मनोहररावांना नोकरीनेच शिकवलेलं. कंपनीतून थर्माकोलचे जाड ठोकळे आले. आतल्या तिन्ही भिंतींना अजिंठ्याचं लेणं: कमानी, खांब, कोनाडे, वर चढायला पायऱ्या. प्रीता एका संध्याकाळी धावतपळत येऊन बघून गेली. तिचा चेहरा उतरला, पण ती भांडली नाही. दोन वर्षांनी बाप तिच्यासाठी काहीतरी करत होता. थर्माकोल उबेला चांगला असतो, हेही खरंच होतं. ती म्हणाली, "ओके. फोम चालेल. पण त्याच्यावर तारेची जाळी आणि जाळीवर सिमेंटचे तीन कोट. तीन, बाबा. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मनोहरराव म्हणाले. माती दोन फुटांवरून चार इंचांवर आली होती, त्याबद्दल "बघू नंतर" ठरलं.

सिमेंटचा एक कोट वाळायला दोन दिवस लागतात. जाळी ठोकली तर कोरीवकाम बुजतं. आणि दिवाळी त्या वर्षी नेमकी शनिवारी आली होती; त्या दुपारी मंडळाची सगळी कमिटी सबनीसांकडे फराळाला यायची होती. मनोहररावांनी गुरुवारी राखाडी रंगात दोन मुठी वाळू कालवली आणि ब्रशने सगळ्या अजिंठ्याला फासली. पुढून बघितलं तर अस्सल दगड. शैला चकल्यांचं पीठ भिजवून हात पुसत खाली आली. तिने एका खांबाला अंगठ्याचं नख लावलं. नख अर्धं आत गेलं.

"सिमेंट?" तिने विचारलं.

"नजर लागतेय तुझी," मनोहरराव म्हणाले. "जा, चकल्या कर."

शुक्रवारी सकाळी प्रीताचा फोन आला. दवाखान्यातली दुसरी टेक्निशियन सुट्टीवर गेली होती, त्यामुळे मंगळवारपर्यंत तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मागे कुत्री भुंकत होती.

"आई, सिमेंट झालं ना? तीनही कोट?"

शैला सोऱ्या हातात धरून उभी होती. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे शनिवारची दुपार उभी राहिली. मंडळाचे अध्यक्ष अनिल खांडेकर, त्यांची ती सदा गोड हसणारी बायको सुलभा, सगळ्यांच्या हातात फराळाच्या बशा, मधोमध छाती काढून उभे मनोहरराव. आणि वॉल्टर. वॉल्टरची ती नखं अजिंठ्याच्या आरपार जातायत, कमानी ढासळतायत, पांढरा भुसा सगळ्यांच्या चिवड्यात पडतोय. तेवढं एकदा बघायला मिळालं असतं तर शैलाला दुसरी दिवाळी नको होती.

"तुझ्या बाबांना विचार," ती म्हणाली.

"आय ॲम आस्किंग यू, आई."

"मला काय कळतंय त्यातलं? तुझे बाबा आणि त्यांचं लेणं. रात्रंदिवस खालीच असतात. काहीतरी केलंच असेल की."

मग प्रीता सुटल्यासारखी म्हणाली, "ओके. गुड. मग उद्या सकाळी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून खाली ने. मी बुधवारी येते बघायला. थँक यू, आई. टेल बाबा थँक यू."

शैलाने सोऱ्या दाबायला घेतला. पहिली चकली मोडली, दुसरी मोडली, तिसरी नीट पडली.

शनिवारी दुपारी तीन वाजता कमिटी तळघरात उतरली. चौदा माणसं, चौदा बशा, आणि त्यांतल्या दहांनी आपापल्या घरी साधी भाजीसुद्धा कधी निवडली नसेल. पण घोरपड कशी ठेवावी यावर प्रत्येकाचं मत होतं. मनोहररावांनी आधी दिवे मालवले, मग एक बटण दाबलं. अजिंठा आतून उजळला. "वा!" असा एक सामुदायिक सूर निघाला. दिव्याखालच्या पायरीवर वॉल्टर पोट टेकून, डोळे मिटून पडला होता. मनोहररावांनी घसा साफ केला, आणि आता दोर, किल्ला आणि मावळे येणार हे शैलाने ओळखलं. आलेच. ही घोरपड आफ्रिकेची आहे आणि तिला किल्ला चढायचं कोणी शिकवलेलं नाही, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. सुलभा खांडेकरने तर नमस्कारसुद्धा केला.

मग खाऊ घालण्याचा कार्यक्रम. किडे बघून लोकांना किळस येईल म्हणून मनोहररावांनी खिमा आणला होता. त्यात कच्चं अंडं फोडून त्यांनी तो वरच्या कोनाड्यात, खांबांवर, कमानीच्या काठावर असा जागोजागी लावला, म्हणजे जनावर चढताना सगळ्यांना दिसेल. वॉल्टर उठला. जाड पाय रोवत, जीभ लपलपवत तो हळूहळू वर चढला, एकेक घास उचलत गेला, आणि खिम्याचा रस भिंतीवरून खाली ओघळत राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शैला करंज्यांचं ताट घेऊन जिन्यापाशी उभी होती. आता पडेल, मग पडेल. काहीच पडलं नाही. खाऊन झाल्यावर वॉल्टर परत दिव्याखाली जाऊन झोपला. अनिल खांडेकर म्हणाले, "सबनीस, मानलं बुवा. पुढच्या वर्षी गणपतीला हेच लेणं." शैलाला एवढा संताप आला की तिने उरलेल्या करंज्या कोणाला न विचारता झाकून ठेवल्या. रागही कोणाचा, तर वॉल्टरचा. फितूर मेला.

रविवारी दुपारी तिला खालून खरवडल्याचा आवाज आला. ती जिना उतरून गेली. डाव्या बाजूचा खांब पूर्ण गेला होता, कमान निम्मी गेली होती, आणि भिंतीत कोपरापर्यंत हात जाईल एवढं विवर पडलं होतं. तळाला पांढरे मणी पसरलेले. वॉल्टर त्या भोकात डोकं घालून हिसके देत होता. शैलाला हसू आवरेना. ती तिथल्या खुर्चीवर बसून एकटीच खदखदा हसली, मग जिन्याशी येऊन तिने हाक मारली, "अहो, या. तुमचा अजिंठा पडला."

मनोहरराव आले. त्यांनी बघितलं, "वीक जॉइंट," म्हणाले, भुसा झाडून काढला आणि त्या जागी नवा ठोकळा चिकटवून त्यावर रंग मारला. भोक एवढं मोठं आणि भुसा एवढा थोडा का, हे दोघांपैकी कोणालाही दिसलं नाही. शैला तर वर येऊन फोनपाशी बसली होती. बहिणीला पुण्याला फोन लावून तिने ती हकिगत रंगवून सांगितली.

सोमवारी वॉल्टरने किडा घेतला नाही. मंगळवारी तो दिव्याखालीही गेला नाही, कोपऱ्यात तोंड घालून पडून राहिला. शैलाने त्याच्याशी बोलून बघितलं. त्याने डोळा उघडला नाही. बुधवारी प्रीता आली, कोट न काढता खाली गेली, तिने त्याला उचलून पोट चाचपलं, आणि मग भिंतीकडे बघितलं. ओला रंग तिच्या बोटाला लागला. टॉवेलात गुंडाळलेला वॉल्टर छातीशी धरून ती जिना चढून गेली.

थर्माकोल एक्स-रेमध्ये दिसत नाही. दिसली ती फक्त फुगलेली आतडी. गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी पोट उघडलं. खिम्याचा वास लागलेल्या खांबाचे, कमानीचे तुकडे आत गच्च बसले होते. वॉल्टर टेबलावरच गेला. दुपारी शैलाने दवाखान्यात फोन केला तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने तिला हे इंग्रजीतून, फार हळुवार आवाजात सांगितलं. शैला भांड्यांच्या सिंकपाशी उभी राहून रडली. एका घोरपडीसाठी आपण रडतोय याची तिला लाज वाटली, तरी रडू थांबेना.

मनोहररावांना थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण शनिवारपर्यंत त्यांनी ते नीट बसवून टाकलं होतं. "मुळात आजारी होतं," ते खांडेकरांना फोनवर सांगत होते. "हॉट डॉगवर वाढलेलं. मी प्रीताला म्हटलं होतं, सिलेक्शनमध्येच चूक झाली." खाली अजिंठ्याला त्यांनी चादर घातली होती. मखर पडलं होतं, एक जीव गेला होता, आणि या माणसाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

रविवारी प्रीता दिवा आणि थर्मामीटर न्यायला आली. मनोहरराव पुढच्या लॉनवरची पानं ओढत होते. ती त्यांना "हाय, बाबा" म्हणून सरळ तळघरात गेली. शैला तिच्या मागोमाग उतरली. तीन दिवस तिने मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं. हिमालय, रायगड, डेकची फळी, कुत्र्यांची आया, सगळं. आज पोरीला एकदा कळू दे, कोणाच्या हाताखाली आयुष्य काढलं ते.

"मी तुला सांगते," ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी त्या भिंतीला सिमेंटचा एक थेंब लावला नव्हता. नुसता रंग. वर वाळू. मी माझ्या नखाने बघितलं होतं."

प्रीता दिव्याची वायर गुंडाळत होती. तिचे हात थांबले. "कधी?"

"गुरुवारीच. चकल्यांचं पीठ भिजवलं तेव्हा."

बोलून गेल्यावर शैलाला कळलं आपण काय बोललो ते. प्रीताने वायरची गुंडाळी पुरी केली, टोक आत खोचलं. ती चिडली असती, ओरडली असती, तर बरं झालं असतं.

"बाबा काय करतील ते मला माहीत होतं, आई," ती मराठीत म्हणाली, अगदी सावकाश, एकेक शब्द शोधून. "म्हणून तर मी तुला विचारलं."

शैलाच्या तोंडाशी सत्तावीस वर्षांची तयार उत्तरं होती, पण ती सगळी मनोहररावांसाठी बेतलेली होती. प्रीताने दिवा काखेत धरला, वर जाऊन बुटांच्या नाड्या बांधल्या, आणि 'येते' न म्हणता ती गेली.